सारवणाचा रंग

मंगळवारी दत्तूआप्पा गेले. पुढच्या आठवड्यात सांगलीच्या इंजिनिअरनं आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातला संगणक फॉरमॅट केला.

फॉरमॅट आम्हाला नवा नव्हता. पोरांच्या फ्लॉप्यांतून व्हायरस यायचा, मग इंजिनिअर यायचा आणि सगळं पुसून नव्यानं घालून जायचा. त्याची गाडी इस्लामपुराबाहेर पडायच्या आत आप्पा खुर्ची ओढून बसत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते आमच्याकडे क्लार्क झाले होते. संगणकाकडं ते बराकीतल्या पेटीसारखं बघत. "सामान जागंवर पायजे," हे त्यांचं पालुपद. पडद्यावरची चित्रं डाव्या कडेला एका रांगेत, दोन चित्रांत बोटभर अंतर. माऊसचा बाण मुद्दाम सावकाश. माऊसची बटणं डावखुऱ्या माणसासाठी उलटी केलेली. आणि पडद्याला असा हिरवट-तपकिरी रंग, की प्राचार्य म्हणाले होते, हे यंत्र आजारी दिसतंय.

प्राचार्यांनी बटण दाबलं की भलतंच उघडायचं. ते चिडले की आप्पा शांतपणे सांगत, "आवं सर, हात बदलून बघा. सवय हुईल."

स्वतः आप्पा सही उजव्या हातानं करत, चहाचा कपही उजव्याच हातात धरत. मी एकदा कारण विचारलं. फौजेत दोन्ही हात तयार ठेवावे लागतात, एवढंच म्हणाले.

एकदा इंजिनिअरनं त्यांना ती सगळी मांडणी फ्लॉपीवर उतरवून दिली. आप्पा लय खूश. फ्लॉपी हरवू नये, नजरेसमोर राहावी, म्हणून त्यांनी ती लोखंडी कपाटाच्या दारावर लोहचुंबकानं चिकटवली. पुढच्या फॉरमॅटला ती कोरी निघाली. चुंबकानं फ्लॉपी पुसली जाते, हे मी सांगितल्यावर त्यांनी चुंबक काढून खिशात टाकला. "गनीम घरातलाच निघाला की वो," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून रांग लावायला बसले.

शनिवारी दुपारी ग्रंथालय बंद असतं. अशा एका शनिवारी मी विसरलेला चष्मा न्यायला परतलो. संगणकासमोर आप्पांची बायको, शेवंताकाकी, बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताची बोटं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती. डाव्या हातानं त्या माऊस सरकवत होत्या, आणि पडद्यावरच्या त्या हिरवट-तपकिरी सारवणावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उमटत होती.

"डाव्या चिमटीतनं रांगोळी नीट सुटंना," मागं उभे असलेले आप्पा माझ्याकडं न बघता हळू म्हणाले. "दारात काढायची सोडलीच तिनं. हितं सांडत न्हाई."

काकींनी मान वळवली नाही. "तुमी बोलू नगा. ठिपकं चुकत्यात."

आप्पांनंतरच्या त्या फॉरमॅटला इंजिनिअर गेल्यावर मी आप्पांच्या खुर्चीत बसलो. चित्रं रांगेत लावली, बाण सावकाश केला, बटणं उलटी केली. रंग जुळवता जुळवता संध्याकाळ झाली.

शनिवारी काकी आल्या, त्या दारातच थांबल्या. "सर, घरच्या दारात आता मला रांगोळी कोण काढू द्यायचं न्हाई. हितं चालंल?"

मी माऊस डावीकडं सरकवून ठेवला. त्या बसल्या. पडद्याकडं बघत म्हणाल्या, "सारवण अजून वल्लं दिसतंय." मी रंग थोडा फिका केला.

काकी आता दर शनिवारी येतात. सामान जागेवर आहे.