गांडुळांचा मुराळी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. आमचे एरंडोलचे शेजारी नाना गांडुळांचे मुराळी होते. पावसाळा लागला की अंजनी नदीकाठच्या ओल्या मातीतून ते टोपलीभर गांडुळे आणीत. ऊन पडले तर स्वतःचा पटका सोडून टोपलीवर पांघरीत.

"नाना, लेक उनी का?" लेक आली का, असे गाडीवान थट्टेने विचारीत.

"चाळीस उन्यात!" नाना थाटात सांगत.

त्यांनी पक्के घर बांधताना परसातलीच माती काढून विटा पाडल्या होत्या. घर झाले, मागे नुसता मुरूम उरला. त्यावर गवतसुद्धा उगवेना. मग नानांनी पाला कुजवला, शेण पसरले, ते खाली ओढून नेणाऱ्या काळ्या भुंग्यांना "दादा" म्हणू लागले. पहिल्या वर्षी गांडुळे मेली. नाना दोन दिवस सुतक पाळल्यासारखे बसून होते.

मी तेव्हा सरकारविरुद्ध पत्रके वाटत होतो. परसात सभा भरवू द्या म्हणालो.

"भर भाऊ. पन बठ्ठासले सांग, पाय वर धरा."

सगळ्यांनी पाय वर धरायचे! मी चिडलो. देश गुलामीत, आणि यांना किड्यांची चिंता! पण आमच्या एकाही भाषणाने गवताची काडी उगवली नव्हती, हे आज कबूल करतो.

तिसऱ्या पावसाळ्यात मुरमावर गांडुळांनी टाकलेल्या काळ्या मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसले. पाणी साचेना, मुरू लागले. नाना मला हाताला धरून दाखवत होते. एवढा खटाटोप कशासाठी, मी विचारले.

"आठे तिनी वांगानी वाडी व्हती," ते हळूच म्हणाले. "माती काढी, तिले इचारं बी नही."

आठे म्हणजे इथे, आणि तिनी म्हणजे त्यांच्या बायकोची, अक्कांची. भरताच्या वांग्यांसाठी अक्का गावभर नावाजलेल्या. माती निघाली त्या दिवसापासून अक्का नानांपुढे ताट ठेवीत, पण त्यांच्याशी एक शब्द बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांजवळ उभा होतो, तेव्हा अक्का परसात आल्या. हातातल्या फुटक्या मडक्यात त्यांनी वांग्याची रोपे वाढवली होती. कधी, ते नानांनाही ठाऊक नव्हते. खुरपे घातले तर एक गांडूळ वर आले. अक्कांनी ते अलगद बाजूला ठेवून वर माती लोटली.

"ह्यासले काय खावाले देतस तुम्ही?" त्यांनी मान वर न करता विचारले.

 नाना शेजारी उकिडवे बसून सांगू लागले. मी कुंपणाबाहेर पडलो. त्यांचे सांगणे बराच वेळ चालले होते, आणि मधेमधे अक्का विचारत होत्या, "अन् मंग?"