एकोणतीस सेंटिमीटरचा ठसा

नोएल प्रिडो दर वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आठ वाजता हरवत. गेली अकरा वर्षं यात खंड पडला नव्हता. लाकडाचे ट्रक चालवून निवृत्त झालेले, एका गुडघ्याने अधू असलेले हे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ मर्टल फ्लॅटच्या शोध-बचाव पथकाला कॅडेटांच्या परीक्षेसाठी लाभले होते. काम बिनपगारी होतं, पण ते मन लावून करत. आदल्या दिवशी बायकोकडून लाल टोपी धुऊन घेत, शब्दकोडी कापून ठेवत, आणि 'आज वार कोणता' हे न आठवण्याचा सराव करत.

"कुठे हरवायचं ते नोएल ठरवतील. मलाही सांगणार नाहीत," प्रशिक्षक मरे दर वर्षी कॅडेटांना सांगत. "मला माहीत असलं की माझ्या तोंडावर दिसतं. बायको म्हणते." नोएलजवळ एक रेडिओ दिलेला असे, पण तो नुसता ऐकायला. खरोखर काही झालं तरच त्यावर बोलायचं, एरवी चकार शब्द काढायचा नाही, असा नियम होता. टास्मानियातल्या त्या ओल्या रानात नियम पाळणारी जी दोन माणसं होती, त्यांतले एक नोएल.

दुसरी ब्रॉनी टेट. वय सतरा. नियमपुस्तिका ती दप्तरात बाळगायची. गेल्या वर्षी ती तुकडीप्रमुखाच्या परीक्षेला बसली आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे एकेक झुडूप तपासत निघाली. सात तासांत फुटबॉलच्या दोन मैदानांएवढं रान तिने असं काही तपासलं की त्यात सुईसुद्धा शिल्लक राहिली नसती. साडेचारला नोएल, तिकडच्या मे महिन्यातल्या थंडीने कुडकुडत, आपल्या पायांनी तळावर आले. शोधपथक परतलं तेव्हा हरवलेला माणूस दुसऱ्यांदा सूप घेत होता. ब्रॉनी नापास झाली.

यंदाची संधी शेवटची होती. पास झालं तर नारिंगी जाकीट मिळणार, मोठ्यांच्या तुकडीबरोबर खऱ्या शोधावर जाता येणार. पुढच्या वर्षी ती अठराची होऊन कॅडेटांतून बाहेर पडली असती. त्या जाकिटाची बाही कशी दुमडायची हेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं.

नऊ वाजता तिची तुकडी निघाली. नकाशाला फर्गस, रेडिओवर टिली. फर्गस हा नोएलचाच, त्यांना 'पॉप' म्हणणारा नातू, पण तुकड्या चिठ्ठ्या टाकून पडत असल्याने कुणाचा इलाज नव्हता. पाव तास चालल्यावर, एका आडव्या पडलेल्या खोडाच्या आडोशाला, फर्गस बसला आणि त्याने सॉसेज रोल बाहेर काढला.

"ऊठ," ब्रॉनी म्हणाली. "पहिलं झुडूप."

"पॉप जुन्या पुलाखाली आहेत."

"कोण म्हणालं?"

"सगळेच. अकरा वर्षं तिथेच असतात. गुडघा पुढे जाऊ देत नाही त्यांना. शिवाय वरून पाऊस लागत नाही, आणि शब्दकोडं कोरडं राहतं."

ब्रॉनीने टिलीकडे पाहिलं. टिलीने रेडिओच्या बटणाकडे पाहिलं.

"तुलाही माहीत होतं?"

"दादाने सांगितलं होतं. त्याला त्याच्या प्रमुखाने. पुढच्यांना सांगू पण मोठ्यांना सांगणार नाही, अशी शपथ असते. तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू तू आहेस."

"मग गेल्या वर्षी माझ्या तुकडीतल्यांनासुद्धा..."

"सगळ्यांना. तू झुडपं मोजत होतीस ना, ते बिचारे तुला काही बोलले नाहीत."

ब्रॉनी खोडावर बसली. मग तिने थर्मॉसमधला चहा घेतला आणि विचारलं, "थेट गेलो तर मरे विचारतील ना, कसं सापडलं म्हणून?"

"म्हणूनच बसायचं," फर्गस म्हणाला. "दोन-तीन तास काढायचे. मधे एक-दोन खुणा कळवायच्या. आधी थोडं चुकायचं, मग सुधारायचं. परीक्षकाला ते फार आवडतं."

ब्रॉनीने वही उघडली. खोटं बोलायचं हे एकदा ठरल्यावर ते नीट बोलायला हवं, असं तिचं मत पडलं. ठसा कुठे मिळाला? जुन्या लाकडी रुळांची वाट जिथे वळते, त्या जळक्या बुंध्यापाशी. रोख कुठे? लीच क्रीककडे, जळवांच्या ओढ्याकडे, म्हणजे पुलाच्या बरोबर उलट. लांबी?

"लांबी कशाला?" टिली म्हणाली. "ठसा मिळाला, बस."

"लांबीशिवाय ठसा नसतो. एकोणतीस सेंटिमीटर. डाव्या टाचेला बाहेरच्या बाजूने झीज."

"आता झीज कुठून आली?"

"माणूस खरा वाटायला हवा, टिली."

दहा वाजून चाळीस मिनिटांनी टिलीने हे सगळं रेडिओवर वाचून दाखवलं.  पलीकडून मरेंचा गहिवरलेला आवाज आला, "ब्रॉनी, पोरी, याला म्हणतात काम." सव्वाअकराला तिने त्याच रोखाने मोडलेली नेच्याची तीन पानं कळवली, मोड ताजी. मरे इतके खूश झाले की त्यांनी दुसऱ्या तुकडीलाही ओढ्याच्या खालच्या अंगाने लीच क्रीककडे वळवलं. फर्गसने दुसरा सॉसेज रोल काढला. सगळं सुरळीत चाललं होतं.

साडेबाराला ते टेकाडावरच्या जवळच्या वाटेने पुलाशी उतरले. 'सुधारणा' म्हणून काय सांगायचं तेही ब्रॉनीने लिहून ठेवलं होतं. पुलाखाली घडीचं स्टूल होतं. स्टुलावर अर्धं सोडवलेलं शब्दकोडं, शेजारी थर्मॉस, झाकणात थंड झालेला चहा. नोएल नव्हते.

"पॉप?" फर्गसने हाक मारली. मग मोठ्याने मारली.

पुलाखालची नदी तीन दिवसांच्या पावसाने तपकिरी होऊन धावत होती. स्टुलापासून पाण्यापर्यंतचा उतार शेवाळाने चकचकत होता.

"झाडामागे गेले असतील," टिली म्हणाली. दहा मिनिटांत उरकण्यासारख्या कामाला पाऊण तास झाला, तेव्हा तिने हे म्हणणं सोडलं.

"चहा टाकून पॉप उठत नाहीत," फर्गस म्हणाला. "आमच्या घराला आग लागली होती तेव्हा कप घेऊन बाहेर आले होते."

ब्रॉनीने रेडिओसाठी हात पुढे केला.

"अगं, तुझं जाकीट," टिली हळूच म्हणाली.

"दे इकडे." ब्रॉनीने बटण दाबलं. "मरे, हा सराव नाही. पुन्हा सांगते, हा सराव नाही. नोएल पुलाखाली होते, आता नाहीत. नदीला पाणी आहे. आणि मघाचा ठसा आम्ही मनाने रचला होता. पानंही. आम्ही बुंध्यापाशी गेलोच नव्हतो. ओव्हर."

रेडिओ खरखरला.

"एकोणतीस सेंटिमीटर?" मरेंनी विचारलं.

"तेही."

"झीज?"

"झीजसुद्धा."

त्यानंतर सगळं पुस्तिकेप्रमाणे झालं. मरेंनी लीच क्रीककडची दुसरी तुकडी माघारी बोलावली. ती पोरं तेव्हा ओढ्याच्या घळीत शिरण्याच्या बेतात होती, आणि जळवा लागण्याआधी हुकूम आला म्हणून त्यांनी देवाचे आभार मानले. मोठ्यांचं पथक दोर, होडी आणि सोळा नारिंगी जाकिटं घेऊन पुलावर आलं. तळावर सूप ढवळणाऱ्या जॉइसबाईंना, म्हणजे नोएलच्या पत्नीला, मरेंनी टोपी काढून बातमी सांगितली.

"नदीत?" जॉइसबाई म्हणाल्या. "नोएल? गुरुवारपासून आंघोळीला जात नाहीये तो, पाणी गार लागतं म्हणून. दुसरीकडे बघा."

मरेंनी हे धक्क्याने होतं असं समजून त्यांना घोंगडी पांघरली.

दोन तास नदी चाळून झाली. तिघांना कुणी काही काम दिलं नाही, कुणी रागावलंही नाही. लोक त्यांना वळसा घालून जात होते. ब्रॉनी त्या रिकाम्या स्टुलावर बसली होती. समोर नोएलच्या वस्तू तिने पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ओळीने मांडल्या होत्या. थर्मॉस, कोडं, पेन्सिल, चष्म्याची डबी.

"फर्गस, रेडिओ कुठाय त्यांचा?"

"नेला असेल बरोबर."

"चहा सोडला आणि रेडिओ नेला." तिने चष्म्याची डबी सरळ केली. "तुझे पॉप मला काय म्हणतात रे? म्हणजे घरी. गेल्या वर्षानंतर."

फर्गसने नाक पुसलं. "आठवडाभर सर्दीने पडून होते तुझ्यापायी. तरी म्हणायचे, पोरगी मेहनती आहे. अजून थोडा वेळ थांबायला हवं होतं मी, माझ्यामुळे नापास झाली."

ब्रॉनी उठली.

"ते ऐकत होते," ती म्हणाली. "आपण चुकीच्या दिशेला निघालोय असं त्यांना वाटलं. मी पुन्हा नापास होऊ नये म्हणून ते आपण म्हणालो तिथे गेलेत."

मरे पुलाच्या कठड्याशी उभे होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे खूण खोटी होती."

"हो."

"आणि आता म्हणतेस दिशा खरी आहे."

"तेव्हा खोटी होती. नंतर खरी झाली असावी."

"ब्रॉनी, आज तुझ्या शब्दावर मी माणसं एकदा तिकडे पाठवली आणि एकदा इकडे आणली. तिसऱ्यांदा नाही पाठवणार. नदीवर माझी सोळा माणसं अडकलीत." मग त्यांनी तिघांकडे निरखून पाहिलं. "पण तुम्हाला इथे काही काम नाही. जा."

ते पळत निघाले. टेकाडावरून तिरपे उतरून, नेच्यांतून वाट काढत, हाका मारत. लीच क्रीकच्या घळीत रेडिओ मेला; म्हणजे नोएलनाही इथे काही ऐकू आलं नसणार. पावणेचारला एका मर्टलच्या झाडाच्या मुळांत त्यांना लाल टोपी दिसली.

"किती हा उशीर!" नोएल म्हणाले. ओठ निळे, पोटरीला दोन जळवा, गुडघा भोपळ्याएवढा. "ठशांची मोजमापं घेत बसली होतीस का गं पुन्हा?"

"पॉप!" फर्गसने त्यांना मिठी मारली.

नोएलने त्याला हाताने बाजूला सारलं आणि चेहरा एकदम कोरा केला. "तुम्ही कोण? आज वार कोणता?"

"पॉप, नाटक पुरे आता. सगळे नदीत शोधतायत तुम्हाला."

"चूप बस रे. तिचे गुण जातील." मग ते ब्रॉनीकडे वळून कुजबुजले, "एक सांग. माझी डावी टाच झिजलीय हे तुला कसं कळलं? रेडिओवर ऐकलं तेव्हा बूट काढून बघितला. अकरा वर्षांत मला पत्ता नव्हता."

ब्रॉनीने त्यांच्या अंगाभोवती उबेसाठी चंदेरी पन्नी गुंडाळली, गुडघ्याला फांद्यांचा आधार बांधला, टिलीला रेडिओ लागेल तिथवर वर पिटाळलं. स्ट्रेचर आलं तेव्हा नोएल तिचा कोट अंगावर घेऊन घोरत होते. डॉक्टर म्हणाले, आणखी तास-दोन तास गेले असते तर कठीण होतं. जॉइसबाईंनी घोंगडी काढून ठेवली आणि सूप गरम केलं.

रविवारी ब्रॉनीने कबुलीजबाब लिहून दिला. दोन पानं, समास सोडून. तिने नापास होण्याची तयारी केली होती, आणि खरं म्हणजे तिला बरंही वाटत होतं. पण कॅडेटला खोट्या खुणांसाठी नापास करायचं तर समितीला स्थळपाहणीचा अहवाल लागतो. म्हणून मरे सोमवारी सकाळी कॅमेरा आणि मोजपट्टी घेऊन जळक्या बुंध्यापाशी गेले, तिथे काहीही नाही याचा फोटो काढायला.

गुरुवारी समितीने तिला बोलावलं. टेबलावर फोटो होता. मऊ चिखल, त्यात बुटाचा ठसा, शेजारी मोजपट्टी. रोख लीच क्रीककडे. डाव्या टाचेला बाहेरच्या बाजूने झीज.

"साडेएकोणतीस," मरे म्हणाले. "अर्धा सेंटिमीटर चिखलाने पसरला असणार. तेवढा आम्ही सोडून दिला."

"पण ते नोएल नंतर तिथून गेले म्हणून! मी रचला होता तो!"

"पुढे नेचाही मोडलाय. दोन पानं. तू तीन म्हणाली होतीस, तिथे एक गुण कापलाय."

"मरे, आम्ही तिथे गेलोच नव्हतो. आम्ही खोडाआड बसून सॉसेज रोल खात होतो!"

समितीच्या अध्यक्षबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी ब्रॉनीची त्या दिवशीची नोंदवही पुढे ओढली. दहा चाळीस, जळका बुंधा, ठसा, लांबी, झीज. एकही खाडाखोड नाही, रेघा पट्टीने मारलेल्या.

"बाळ, चाळीस वर्षं मी मुलांची खोटी कारणं वाचली आहेत," त्या म्हणाल्या. "इतकं नीटनेटकं कुणी खोटं लिहीत नाही."

"फर्गसला विचारा! टिलीला विचारा!"

"विचारलं," मरे म्हणाले. "तेही ठसा रचलेला होता असंच म्हणाले. तुझ्या बाजूने खोटं बोलायलाही तयार झाले. चांगली तुकडी बांधली आहेस."

त्यांनी गुणपत्रिका तिच्यापुढे सरकवली. माग काढणे, वीसपैकी एकोणीस. हरवलेल्याची शुश्रूषा, वीसपैकी वीस. शेवटच्या ओळीत सत्यनिष्ठा, दहापैकी चार. शेरा : 'ऐन प्रसंगी घाबरून खोटा कबुलीजबाब दिला, त्यामुळे शोध सुमारे दोन तास लांबला. पुढे सुधारणा अपेक्षित.' एकूण निकाल, उत्तीर्ण.

नारिंगी जाकीट खुर्चीच्या पाठीवर होतं, तिच्याच मापाचं.

"मला अपील करायचंय," ब्रॉनी म्हणाली.

मरेंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. या पोरीला तणावातून सावरायला वेळ लागेल, असा त्यांचा सूर होता. "कर ना. तुझा हक्कच आहे तो. फक्त निकालाविरुद्ध पुरावा लागतो, आणि तो आणायची जबाबदारी उमेदवाराची."

ब्रॉनीने दप्तरातून नियमपुस्तिका काढली, पान उघडलं आणि वाचलं. तसंच लिहिलं होतं.