दोन सिगारेटींचा बन

ही गोष्ट ऐकून आजवर एकाही माणसाने विश्वास ठेवलेला नाही आणि साहेब, तुम्हीही ठेवणार नाही. हरकत नाही. पटली नाही तर खुशाल उठून चालू लागा. फक्त एकाच गालाची दाढी झालेली असेल, तेवढं रस्त्यात लोकांना समजावून सांगावं लागेल. मान जरा डावीकडे. आणि त्या बाकावर वर्तमानपत्राआड कोण बसलंय तिकडे बघू नका, ते ऐकत नाहीत.

तर या पलीकडच्या बेकरीत एक भट्टीवाला आहे. सगळी गल्ली त्याला इंजिन म्हणते. छत्तीस वर्षं हा माणूस सिगारेट ओढत होता. बेकरीच्या धुराड्यातून जास्त धूर निघतो की त्याच्या नाकातून, यावर पैजा लागायच्या. पण इंजिनची खरी करामत धुरात नव्हती, वेळेत होती. बेकरीच्या मागच्या दाराशी, बोळात, पालथ्या खोक्यावर बसून तो ओढायचा आणि भट्टीतला माल त्या सिगारेटीवर भाजला जायचा. बन दोन सिगारेटींचा. मोठा ब्रेड तीन सिगारेटींचा. टोस्ट दीड; म्हणजे दुसरी अर्ध्यात विझवून कानावर ठेवली की उठायचं आणि टोस्ट काढायचे. बेकरीच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण त्यात मैदा जाऊन जाऊन काटे कायमचे सव्वाअकराला चिकटले होते.

बघता बघता सगळी गल्लीच इंजिनवर चालू लागली. शिंपी कॉलरवर इस्त्री टेकवायचा ती तीन झुरके, चौथ्याला उचलायचा. घड्याळवाल्याच्या दुकानात साठ घड्याळं होती, पण दुकानात होती म्हणजेच बिघडलेली होती. तो बिचारा इंजिनच्या सहाव्या सिगारेटीला जेवायला उठायचा. आणि सलूनवाला गिऱ्हाइकाच्या केसांना कलप लावून मागच्या मोरीच्या झरोक्यातून बोळात बघत उभा राहायचा. इंजिनने दुसरं थोटूक फेकलं की डोकं धुवायला घ्यायचा. हा सलूनवाला म्हणजे एक शांत, हुशार, निर्व्यसनी गृहस्थ. त्याच्याबद्दल मी जास्त बोलत नाही, माझ्या तोंडी ते शोभणार नाही.

अशात इंजिनच्या मुलीला मुलगी झाली. पहिली नात. इंजिनने अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, वहिनींना घेऊन बसने लेकीच्या गावी गेला आणि पाळण्याकडे हात पुढे केले. नात शिंकली. एकदा नाही, सात वेळा. लेकीने पाळणा आत ओढला.

"बाबा, शर्ट धुतलात, पण आतला माणूस तसाच आहे," ती म्हणाली. "तीस दिवस एकही ओढू नका. मग हिला मांडीवर देईन. त्याआधी नाही."

"अगं, छत्तीस वर्षांची सवय आहे."

"मग तीस दिवस म्हणजे काहीच नाही."

परत आला तो माणूस पार खचून. बोळात खोक्यावर बसला आणि सिगारेट न पेटवताच रडला. आम्ही, म्हणजे ते तिघं मित्र, जमले. तिथल्या तिथे ठरलं: इंजिनने सोडायची आणि तिघांनी सोडवायची.

शिंप्याने सुरुवात केली. इंजिनचे सगळे शर्ट आणि पँटी नेल्या आणि खिसे शिवून टाकले. दुहेरी टीप. त्यानंतर महिनाभर इंजिनचा रुमाल, किल्ल्या आणि चष्मा टोपीत राहायचे आणि कुणी नमस्कार केला तर तो नुसती मान हलवायचा, टोपी काढायचा नाही. घड्याळवाल्याने रोज सकाळी खोक्यावर शेजारी बसायचं पत्करलं. सलूनवाल्याकडे दोन कामं आली. इंजिनच्या मिशीत छत्तीस वर्षांचा धूर मुरला होता, ती त्याने काढून टाकली. साहेब, ती मिशी निघाली तसा माणूस इतका बदलला की वहिनींनी दार उघडून सांगितलं, "ते घरी नाहीत, भाऊ. बेकरीत बघा." आणि दुसरं काम म्हणजे घरातली, दुकानातली, कानामागची, गादीखालची अशी मिळून अकरा पाकिटं सलूनवाल्याच्या खणात कुलूपबंद झाली. का, तर तिघांत तोच एक निर्व्यसनी.

पहिल्या दिवशी इंजिनने बन भट्टीत घातले आणि खोक्यावर येऊन बसला. हात रिकामे. शेजारी घड्याळवाला.

"किती झाली असेल रे वेळ?"

"मला काय विचारतोस? मी तुझ्याकडे बघत होतो."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बन कोळसा झाले. शिंप्याच्या इस्त्रीखाली एका नवरदेवाची कॉलर तपकिरी झाली. आणि सलूनमध्ये मुख्याध्यापक कलप लावून बसले होते. सलूनवाला झरोक्यात उभा राहून थोटूक पडायची वाट बघतोय, थोटूक काही पडत नाही. डोकं धुतलं तेव्हा मुख्याध्यापक वांग्यासारखे जांभळे झाले होते. पुढे पंधरा दिवस ते शाळेत हेल्मेट घालून बसायचे आणि शिपाई चौकशी करणाऱ्यांना सांगायचा की साहेब आत्ताच आलेत, लगेच निघणार आहेत.

दुसऱ्या दिवशी घड्याळवाला गजराचं घड्याळ घेऊन आला. "एकदम नवीन काम केलंय. आता बघ."

गजर पाच मिनिटांत वाजला. मग परत तीन मिनिटांनी. मग जो लागला तो थांबेचना. इंजिनने घाबरून बन बाहेर काढले. त्या बनांत बोट घातलं तर आत जायचं, पण बाहेर यायला कां-कू करायचं.

तिसऱ्या दिवशी बेकरीचा मालक स्वतः बोळात आला. त्याच्या एका हातात कोरं पाकीट होतं आणि दुसऱ्या हातात काडेपेटी.

"हे घे. माझ्याकडून. ओढ."

"शेठ, मी सोडलीय."

"तू सोडलीस, पण माझी बेकरी अजून ओढते ना. उद्या माल नीट निघाला नाही तर दुसरा भट्टीवाला बघतो. तो मला भेटलाही आहे. दिवसाला चाळीस ओढतो."

इंजिनने पाकिटाकडे पाहिलं. हात पुढे झाला. नाक आधीच पोहोचलं होतं. घड्याळवाल्याने त्याची मान धरली, शिंपी त्याच्या पायाशी बसला आणि सलूनवाल्याने ते पाकीट मोठ्या जबाबदारीने ताब्यात घेतलं. अकराची बारा झाली.

"आता?" इंजिन म्हणाला. "नोकरी ठेवली तर नात जाते. नात ठेवली तर नोकरी जाते."

शिंपी उठला, दुकानात गेला आणि एक सिगारेट शिवून घेऊन आला. हो, शिवून. पांढरं पॉपलिन, आत कापूस, टोकाला पिवळट अस्तराचा फिल्टर, शिवण आतून. साहेब, मोजमाप इतकं चोख की पानवाल्याने ती बघून काडी पुढे केली.

"ही तोंडात धर," शिंपी म्हणाला. "झुरके नेहमीसारखे मार. तुझ्या छातीला हिशेब पाठ आहे. छाती सांगेल बन कधी झाले."

आणि सांगितलं की. चौथ्या दिवशी बन निघाले ते असे तांबूस, असे फुललेले, की मालकाने स्वतः तीन खाल्ले. पाचव्या दिवशी टोस्ट. सहाव्या दिवशी ब्रेड. इंजिन खोक्यावर बसून कापसाचे झुरके मारतोय, बोळात वर कुठेतरी बघतोय आणि नेमक्या क्षणाला उठून लांब दांड्याची फळी भट्टीत सारतोय. आता याला चमत्कार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

योगायोग बघा, चौथ्याच दिवसापासून सलूनमधला कलपही सुधारला. सलूनवाल्याने मनातल्या मनात आकडे मोजायची विद्या साध्य केली होती. कलप लावला की तो मोरीत जायचा, दार लावायचा आणि एकाग्र होऊन मोजायचा. एकाग्रतेला दार लावावंच लागतं. खणातली बारा पाकिटं तेवढी पुढे नऊ झाली, मग सहा. उंदीर. उंदरांना तंबाखू किती आवडतो, हे फार लोकांना ठाऊक नसतं.

असे अठ्ठावीस दिवस गेले. इंजिन चढ चढताना बोलू लागला. वहिनी म्हणाल्या, हा माणूस झोपेत खोकत नाही म्हणून मलाच झोप येत नाही. गल्ली दिवस मोजायला लागली होती. अजून दोन, आणि नात मांडीवर.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी लेक न सांगता आली. बापाला चकित करावं म्हणून पोरगी छातीशी घेऊन बोळातूनच आली. समोर काय, तर बाप खोक्यावर बसलाय, ओठांत पांढरी सिगारेट आहे, नजर वर कुठेतरी लागलीय, आणि मागे भट्टीचा धूर. ती वळली आणि बसस्टॉपकडे चालू लागली.

इंजिनने मान वळवली तेव्हा तिची पाठ दिसली.

"अगं थांब, कापूस आहे," तो ओरडला. पण तोंडात सिगारेट धरून ओरडलेलं कुणाला कळतं?

मग सुटली वरात. पुढे इंजिन, हातात ती लांब दांड्याची फळी, फळीवर चार बन. मागे शिंपी, गळ्यात टेप, अंगावर अर्धा शिवलेला कुणाचा तरी कोट. त्याच्यामागे घड्याळवाला, डोळ्याला भिंग तसंच. त्याला बस दिसली ती डोंगराएवढी आणि तो फुटपाथवरच आडवा झाला. सलूनवाला सगळ्यांत शेवटी निघून सगळ्यांच्या आधी पोहोचला. त्याचं गिऱ्हाईकही आलं होतं, तोंडाला फेस लावून, कारण उरलेली अर्धी दाढी कुणाकडून करायची हा त्याच्यापुढे प्रश्न होता. एक पाय बसमध्ये, एक बाहेर, अशी लेक उभी.

"मला काही ऐकायचं नाही," ती म्हणाली. डोळे भरलेले. "तीस दिवस सांगितले होते, बाबा. तेवढेही जमले नाहीत."

इंजिनला धाप लागली होती. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तो पळाला होता.

अशा वेळी जो माणूस डोकं शांत ठेवतो त्याला मी मानतो. सलूनवाल्याने इंजिनच्या तोंडातून ती सिगारेट काढली, वस्तऱ्याने उभी चिरली आणि लेकीच्या तळहातावर धरली. कापूस बाहेर आला.

"शिवण बघ," शिंपी म्हणाला. "आतून आहे. बाजारात अशी कुणी देत नाही."

लेकीने कापूस बघितला. मग ती बापाजवळ आली आणि चौकशी करावी तसा तिने त्याचा वास घेतला. गाल, हात, टोपी. भाजलेल्या पावाचा वास. तरी तिचं समाधान होईना. बापाला लपून पुरवणारं कुणी असेल म्हणून तिने एकेकाचा वास घेतला. शिंपी झाला, घड्याळवाला झाला. सलूनवाल्यापाशी ती जरा जास्त वेळ थांबली. आदराने. आणि त्याच्या कानात हळूच एक वाक्य बोलली. काय, ते तो विनयामुळे कुणाला सांगत नाही.

मग तिने पोरगी इंजिनच्या मांडीवर दिली. स्टॉपच्या बाकावर. कंडक्टरने घंटी वाजवली नाही, बस उभीच राहिली, आतले लोक खिडक्यांतून बघत राहिले. पोरगी शिंकते का म्हणून सगळे श्वास धरून होते. नाही शिंकली. तिने जिथे मिशी असायची तिथे हात फिरवला आणि हसली. मग ती शिंप्याकडे गेली, घड्याळवाल्याकडे गेली, फेसवाल्या गिऱ्हाइकाकडेसुद्धा गेली. सलूनवाल्याने मात्र घेतली नाही. त्याचे हात साबणाचे होते.

बेकरीत परत आले तर भट्टीतला सगळा माल जळून खाक. पण आनंदाच्या भरात कुणी बोललं नाही, मालकही नाही. त्या दिवसापासून इंजिनने सिगारेटला हात लावलेला नाही. सात वर्षं झाली. हल्ली तर तो माल भट्टीत घातला की सरळ या बाकावर येऊन बसतो. आणि याचं सगळं श्रेय मी त्या कापडी सिगारेटीला आणि त्या निर्व्यसनी सलूनवाल्याला...

वर्तमानपत्र खाली आलं. मागून मैद्याने पांढरे झालेले दोन हात आणि बिनमिशीचं तोंड.

"एक विचारू?" इंजिन म्हणाला. "कापडाची सिगारेट जळते का रे?"

"नाही."

"आखूड होते?"

"नाही."

"मग एक संपली, दुसरी संपली, हे मला कसं कळायचं?"

"छातीला पाठ होतं ना तुझ्या."

"छातीला काही पाठ नव्हतं. तुझ्या मोरीच्या झरोक्यातून धूर यायला लागला की मी बन आत घालायचो. दुसरा धूर थांबला की बाहेर काढायचो. त्या एका दिवशी मीही स्टॉपवर आणि तूही स्टॉपवर, म्हणून माल जळाला."

साहेब, हसू नका. गालावर वस्तरा आहे.

इंजिनने वर्तमानपत्राची नीट घडी केली. "लेक परवाही विचारत होती, काकांचे तीस दिवस कधी सुरू होणार म्हणून. सोडणार असशील तर आठवडाभर आधी सांग. मला घड्याळ घ्यावं लागेल."