टोपीची तिरकी शिवण

शिंपीणबाईंना ढगळ कापड बघवत नसे, आणि नवऱ्याची टोपी तर पार कानांवर येत होती.

टोपी दवाखान्याची होती. नवरा ड्राफ्ट्समन, पण दीड वर्षं त्याच्या ड्रॉइंग बोर्डावर धूळ होती. उदासीपुढे तीन औषधांनी हात टेकले. मग डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचा स्कॅन काढला, चुंबकाचे ठोके नेमके कुठे द्यायचे ते ठरवलं आणि टोपीवर त्या जागी पक्क्या शाईची निळी फुली मारली. रोज वीस मिनिटं, तीस दिवस. अठरा दिवस झाले, तरी घरी त्याचं बोलणं ‘हं’ आणि ‘नको’ याच्या पुढे गेलं नव्हतं. आता हेही फुकट गेलं तर काय, हा विचार बाई शिवणयंत्राच्या आवाजात दडपून टाकत.

टेक्निशियन मुलीने टोपी धुवायला घरी दिली. बाईंनी धुतली, वाळवली आणि हात शिवशिवले म्हणून मागून चार बोटं कापड आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी फुलीवर चुंबक टेकला. टक. नवऱ्याचा उजवा अंगठा टुणकन उडाला.

“काका, हात सैल सोडा.”

“हं.”

टक. अंगठा पुन्हा उडाला.

मुलीने यंत्र थांबवून टोपी उलटीपालटी केली. “काकू, हिला काय केलंत?”

“काही नाही गं. जरा बसती केली.”

“अहो, फुली मागे सरकली. तिथे अंगठा हलवणारा भाग असतो.”

बाईंनी आत घेतलेली शिवण चाचपली. “म्हणजे माझ्यामुळे सगळं वाया गेलं?”

“छे, दोन ठोके गेले फक्त. स्कॅनवरून नवी टोपी आखते. पण ती आता इथेच राहील.”

परतताना दोघं बसथांब्यावर उभे होते.

“गिऱ्हाइकाच्या कापडाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं तूच सांगतेस ना सगळ्यांना?” नवरा म्हणाला.

बाईंनी मनात मोजले. अकरा शब्द.

“आणि शिवण डावीकडे तिरकी गेली होती.”

तीस वर्षांत असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. “तिरकी? डोळे तपासून घ्या आधी.”

“दोन मिलिमीटर. पट्टी लावून दाखवतो.”

“दाखवाच.”

बस आली. भांडण अर्धवट राहू नये म्हणून बाईंनी ती जाऊ दिली.