दामूमास्तरांचं सुटं पुस्तक

"कंपौंडरसायेब, पान अकरा तापानं फणफणलंय. पान चारला खरूज झाली. आनि पान वीस परवापास्नं दिसलंच नाय, ते इकडं औषधाला आलं व्हतं का?"

मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात मी कंपौंडर म्हणून नुकताच रुजू झालो होतो, तेव्हा औषधाच्या खिडकीशी येऊन एका माणसानं मला हे विचारलं. काळी टोपी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर आणि डोक्यावर उघडी छत्री. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, शिवाय वर दवाखान्याचं कौलारू छप्पर होतं. मी कल्याणचा. डोकं फिरलेल्या माणसाला ठाण्याला पाठवतात एवढं मला ठाऊक होतं, आणि त्याची चिठ्ठी डॉक्टर देतात की मामलेदार, याचा मी विचार करू लागलो. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "अरे, मास्तर हायेत ते. पान म्हंजे पोरगं."

मास्तरांशी माझी ओळख झाली ती अशी.

म्हसा गावाच्या वाटेवरच्या एका खेड्यात, खळ्याशेजारच्या पडवीत दामूमास्तर खाजगी शाळा चालवत. खाजगी म्हणजे एवढंच, की ती लोकलबोर्डाची नव्हती. सुगीला गावकरी थोडं भात घालत, तोच मास्तरांचा पगार. साऱ्या शाळेत वाचनाचं पुस्तक एकच. ते एका पोराला दिलं तर बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. म्हणून मास्तरांनी एके दिवशी पुस्तकाची शिवण उसवली आणि पानं वाटून टाकली. एका पोराला एक पान. ते घरी न्यायचं, पाठ करायचं, वेळूच्या नळीत घालून वर चिंधीचा बोळा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आणायचं. पोरं बसतसुद्धा पानांच्या क्रमानं. एकानं वाचून संपवलं की शेजारच्यानं पुढचं उचलायचं. सगळी पोरं हजर असली की पुस्तक पुरं. एखादं तापानं घरी पडलं की तिथं भोक.

गावानं ही पद्धत इतकी अंगवळणी पाडून घेतली होती की आया दवाखान्यात येऊन "आमच्या पान नऊला जुलाब होतात" असं बिनदिक्कत सांगत. एक बाप तर मास्तरांशी भांडायला आला होता. त्याच्या मुलाच्या वाट्याला आलेल्या पानावर अर्ध्या भागात उंटाचं चित्र होतं. "भात सगल्यांइतकंच घेता, आनि माझ्या पोराला निम्मंच शिकवता?" असा त्याचा रोखठोक सवाल होता. मास्तरांनी त्याला उंटाविषयी इतकी माहिती दिली, की जाताना तो आपलाच मुलगा फायद्यात आहे अशा खुशीत गेला. खुद्द मास्तरांनी उंट पाहिला नव्हता हा भाग वेगळा.

आता खरी रड कुठे होती ते सांगतो. आमचे डॉक्टर दर वर्षी बोर्डाच्या शाळेत जाऊन मुलं तपासत, हिवतापाच्या दिवसांत कोयनेल वाटत. तिथल्या गरीब मुलांना पुस्तकंही सरकारातून मिळत. मान्यता नसलेल्या खाजगी शाळेला यातलं काहीच नाही. मास्तरांची पोरं आजारी पडली तर आईबापांनी भाताची कामं टाकून त्यांना मुरबाडपर्यंत पाठुंगळी आणायचं. बहुतेक आणत नसत. भादवा-आश्विनात मास्तरांच्या पुस्तकाची अशी चाळण होई, की गोष्ट कुठे सुरू झाली नि कुठे संपली याचा पत्ता लागत नसे.

म्हणून मास्तर डॉक्टरांकडे येत. "आमच्या शालंत या." डॉक्टर भला माणूस, पण वरच्या साहेबाला भिणारा. ते म्हणत, "मास्तर, नियम आहे. खाजगी शाळेची जबाबदारी सरकारवर नाही."

"शाला खाजगी हाय. पोरं नायत."

एवढं बोलून नमस्कार करून मास्तर निघत, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. हे वाक्य त्यांनी टांगेवाल्याला ऐकवलं होतं, मामलेदारांच्या पट्टेवाल्याला ऐकवलं होतं. एका लग्नात ऐन पंगतीत, वाढप्याच्या हातात जिलबी तशीच लोंबकळत ठेवून ऐकवलं होतं. लोक त्यांना टाळायचे. खरं सांगायचं तर मीही छत्री दिसली की आतल्या खोलीत बाटल्या धुवायला जायचो.

मग आली म्हशाची जत्रा. जत्रेत गुरांचा मोठा बाजार भरतो, तिथं सरकारी ढोरडॉक्टर बसत. शेजारच्या राहुटीत आम्ही, म्हणजे आमचे डॉक्टर आणि मी, विहिरीत टाकायचं लाल औषध घेऊन बसलो होतो. ढोरडॉक्टरांपुढे बैलांची लांब रांग. ते एकेका बैलाचं तोंड उघडून जीभ बघत, खूर बघत आणि पुढे सोडत. दुपारी एकदम हशा पिकला म्हणून मी बाहेर आलो, तर रांगेत एक खिल्लारी जोडी, तिच्यामागे उघडी छत्री, छत्रीमागे मास्तरांची सगळी शाळा नळ्या घेऊन ओळीनं उभी, आणि शाळेमागे पुन्हा बैल.

मास्तरांचा नंबर आला. ढोरडॉक्टर म्हणाले, "हे काय?"

"तपासा."

"अहो, मी गुरांचा डॉक्टर आहे."

"ठावं हाय. आत्ता गेला तो बैल सरकारचा का?"

"नाही. मालकाचा."

"म्हंजे खाजगी."

"खाजगी."

"मंग सरकारनं का तपासला?"

ढोरडॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, रोग पसरतो. एका बैलाचा दुसऱ्याला लागतो. तिथं मालक कोण हे बघून कसं चालेल?"

"आनि आमच्या पोरांचा रोग काय शालंची मान्यता इचारून पसरतो?"

मागचे बैलवाले आधी हसत होते. आता त्यांच्यातला एक जण म्हणाला, "बराबर बोलतो मास्तर. बगा की वो पोरांची बी जीभ." ढोरडॉक्टरांना विनोदाचं अंग होतं. त्यांनी खरंच पहिल्या मुलाचं तोंड उघडायला लावलं, डोळ्याची पापणी खाली ओढली, आणि मग त्यांचा चेहरा बदलला. ते आमच्या डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "जरा बघता का? अंगात रक्त नाही याच्या. बैल असता तर विकत घेऊ नका म्हणालो असतो."

आमचे डॉक्टर राहुटीतून उठले. त्यांनी तिथं, बैलांच्या शेणात उभं राहून, सगळी शाळा तपासली. वरचा साहेब त्या दिवशी त्यांना आठवला नसावा. हिवतापानं निम्म्या मुलांची पोटातली पानथरी वाढलेली होती.

त्यानंतर डॉक्टर मास्तरांना चोरून कोयनेल देऊ लागले. पण ते म्हणाले, "हे असं किती दिवस चालणार? तुम्ही मान्यता मिळवा. मग मी राजरोस येईन, आणि पुस्तकंही येतील." मास्तरांनी मान्यतेचा ध्यास घेतला. मान्यता द्यायची ती शाळाखात्याच्या दिपोटींनी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टरसाहेबांनी, शाळा तपासून, मुलांचं वाचन ऐकून. दिपोटी शहापूरकडच्या शाळा उरकून भादव्यानंतर येतील असा निरोप आला. सगळं त्या एका वाचनावर होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

दिपोटी यायच्या दिवशी सकाळीच मास्तर दवाखान्यात हजर. मला वाटलं, दिपोटींसाठी खुर्ची मागायला आले. तर म्हणाले, "पान सोला. ठकी. रातच्याला थंडी वाजून आली." इन्स्पेक्शनच्या दिवशी हा माणूस शाळा सोडून एका पोरीच्या औषधाला आला होता. डॉक्टरांनी मला औषध घेऊन त्यांच्याबरोबर पिटाळलं. आम्ही पोचलो तोवर दिपोटी पडवीत येऊन बसले होते, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

वाचन सुरू झालं. मी पुष्कळ शाळा पाहिल्या, पण असं वाचन ऐकलं नाही. एक पोर थांबायचं, दुसरं श्वास न घेता पुढचं उचलायचं. दिपोटींची आठी हळूहळू गेली. गोष्ट एका व्यापाऱ्याची होती. तो प्रवासात दमून झाडाखाली झोपला, आणि झुडपातून वाघ निघाला. वाघ दबकत जवळ आला, आणि पान पंधरा संपलं.

पुढची जागा रिकामी होती. मग सतराव्या पानाच्या पोरानं बिचकत सुरुवात केली, "घरी पोचल्यावर त्याने बायकोस सारी हकिकत सांगितली."

"थांब," दिपोटी म्हणाले. "वाघाचं काय झालं?"

मास्तर म्हणाले, "ते ठकीकडं हाय. ठकी तापात हाय."

"तुम्हाला पाठ असेल की."

"पाठ हाय."

"मग म्हणा."

"मी नाय म्हननार, सायेब."

मी मास्तरांचं धोतर मागून ओढलं. मान्यता दारात उभी, आणि हा गृहस्थ एका वाघासाठी अडून बसला. दिपोटींनी आवाज चढवून कारण विचारलं. मास्तर खाली बघत बोलले, आणि त्यांचा नेहमीचा भांडखोर सूर कुठच्या कुठे गेला होता.

"तिच्याबिगर पुस्तक फुडं गेलं, तं ती नाय हे कुनाला कललं? मी ल्हान व्हतो तवा सबंद पावसाला तापात पडलो. बरा होऊन शालंत गेलो, तं तिथले मास्तर म्हनले, तू नवीन का रे? पुस्तक संपलं व्हतं, सायेब. माझ्याबिगर कुनाचं काय अडलं नव्हतं. मंग मी बी परत गेलो नाय. फुडं मोठेपनी अभ्यास करून फायनलची परीक्षा पास झालो."

मी धोतर सोडलं. पुस्तक एकच होतं म्हणून ते फाडलं, असं मी इतके दिवस समजत होतो. आणखी एखादं पुस्तक भातावर मिळालं नसतं असं थोडंच आहे.

दिपोटी उठले. मग त्यांनी पायात जोडे चढवले आणि मला म्हणाले, "औषध आणलंय ना? चला. वाघाचं काय झालं ते विचारून येऊ."

ठकीच्या आईनं एवढा मोठा साहेब घरात शिरलेला पाहून घोंगडी उलटी अंथरली. मी ठकीला औषध पाजलं. तिनं तोंड वाकडं केलं, आणि मास्तरांनी मान हलवताच गोधडीतूनच, दात वाजत असताना, नळी न उघडता पान म्हणून दाखवलं. व्यापारी इतक्या जोरानं घोरत होता, की झाडामागे आपल्याहून मोठा वाघ आहे असं समजून वाघच पळाला. दिपोटी खो खो हसले. बाहेर आल्यावर त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

मान्यता आली. डॉक्टर कोट-टोपी घालून राजरोस शाळेत गेले. मागून पुस्तकंही आली, अखंड, कोऱ्या वासाची, प्रत्येकाला एक. गावानं नारळ फोडला. मास्तर मात्र दवाखान्यात आले ते तोंड उतरवून. "आता कुनी नाय आलं तरी कुनाचं अडत नाय," म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात आले तेव्हा खुशीत होते. त्यांनी नवी युक्ती काढली होती. प्रत्येकानं आपलं पुस्तक घरी न्यायचं नाही, दुसऱ्याचं न्यायचं. तो शाळेत आला नाही की ज्याचं पुस्तक अडकलं तो त्याच्या दारात जाणार. ठकीचं पुस्तक मास्तरांकडे आणि मास्तरांचं ठकीकडे.

"तुम्ही कशाला त्यात?" मी हसून विचारलं. "तुम्ही का पोर आहात?"

त्यांनी छत्री नीट केली आणि खरजेच्या मलमाचं काहीतरी विचारलं. मास्तरांच्या घरी दुसरं माणूस नव्हतं. बायको होती की नव्हती हेही गावात कुणी नक्की सांगू शकत नसे, आणि ते स्वतः कधी बोलत नसत.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी खिडकीशी ठकी उभी राहिली. तिच्यामागे सगळी शाळा, चिखलानं माखलेली.

"कंपौंडरदादा, मास्तर दार लोटून पडलेत. अंग लय तापलंय. माझं पुस्तक त्यांच्याकडं हाय ना, ते आनायला गेले तं ओ दिली नाय."

डॉक्टरांनी रांगेला थांबायला सांगितलं आणि टोपी न घालताच निघाले. आम्ही पोचलो तेव्हा मास्तर बाजेवर पडून होते, ओठ सुकलेले, पण शुद्धीवर. दारात गर्दी पाहून त्यांनी उठायची धडपड केली.

"शाला सोडून कशाला आलाव रे?"

"पुस्तक न्यायला," ठकी म्हणाली.

पुस्तक उशाशीच होतं. मी डॉक्टरांच्या हातात बाटली दिली, मास्तरांनी न कुरकुरता औषध घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. ठकीनं पुस्तकाला हात लावला नाही. ती चुलीपाशी बसली आणि पेजेसाठी तांदूळ निवडू लागली.