शहामृगाचा सौदा

इंदूताई टूथपेस्ट घ्यायला उभ्या राहिल्या की त्यांच्या मागची गिऱ्हाइकं मुकाट्याने दुसऱ्या दुकानाची वाट धरायची. कारण ही बाई टूथपेस्ट नुसती घ्यायची नाही, ऐकायची. खोका उजव्या कानाशी धरायचा, डोळे मिटायचे, दोनदा हलकेच हलवायचा आणि निकाल द्यायचा. "हत्ती. आत ठेवा." दुसरा खोका. "ससा. आहे माझ्याकडे." असे सात-आठ खोके ऐकून झाले की एखाद्यावर बोट ठेवून म्हणायच्या, "हा काही ओळखीचा वाटत नाही. द्या हा."

ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकात गेलं नाही त्यांना सांगायला हवं. तेव्हा एका टूथपेस्टच्या खोक्यात नळीबरोबर प्लॅस्टिकचा एक चिमुकला प्राणी निघायचा. अंगठ्याच्या पेराएवढा. कुठला निघेल ते खोका उघडल्याशिवाय कळायचं नाही. मुलुंडमधली झाडून सगळी पोरं त्या प्राण्यांपायी वेडी झाली होती. पोरांचं एक समजू शकते मी. इंदूताई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या.

दुकानाच्या शेठनी एकदा त्यांच्याशी पैज लावली. पाच खोके ऐकायचे आणि तिथल्या तिथे उघडायचे. चार बरोबर निघाले. पाचव्यात त्यांनी अस्वल सांगितलं होतं, निघाला पाणघोडा. "अस्वलाच्याच वजनाचा आहे मेला," असं म्हणून त्यांनी तोही पर्समध्ये टाकला. तेव्हापासून शेठनी त्यांच्यासाठी दुकानात एक स्टूल ठेवलं.

कान तयार होता, त्याला कारण होतं. इंदूताई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या, परगावचे कॉल जोडून द्यायच्या. "बावीस वर्षं कानावर पोट भरतेय, वहिनी," असं मला सांगायच्या. घरीही एक्सचेंजमध्ये बसल्यासारख्याच बोलायच्या. दारावर कुणी आलं की आतून आवाज यायचा, "होल्ड ऑन." दूधवाल्याशी वाजलं की म्हणायच्या, "तुमचा आवाज येत नाहीये," म्हणजे त्यांना ऐकायचंच नसायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमच्या समोरचंच दार त्यांचं. लग्न केलं नव्हतं. वडील होते तोवर दोघं, वडील गेल्यावर एकट्या. लग्न का केलं नाही याबद्दल बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईकडे एक गोष्ट होती. माझ्याकडेही होती, पण ती मी सांगणार नाही.

आता एकटी बाई दात घासून घासून किती घासणार? आणि इंदूताई तर महिन्याला सहा-सात नळ्या घ्यायच्या. मग त्या वाटायच्या. बारशाला टूथपेस्ट, मुंजीला टूथपेस्ट, दहावी पास झालेल्या मुलाला टूथपेस्ट, आणि सगळ्या खोक्याविना. माझ्या सासूबाई मालवणच्या, जन्मभर राखुंडीने दात घासलेल्या. त्यांच्याही हातात एक नळी आली. नळी उलटसुलट बघून मला म्हणाल्या, "ह्या बायच्या डोक्यात काय तरी बिघाड आसा." आणि दुसऱ्या दिवसापासून टूथपेस्ट वापरायला लागल्या.

खरी गंमत रविवारी. सकाळी दहाला इंदूताईंच्या दारासमोर पॅसेजमध्ये चटई पडायची आणि दहा-पंधरा पोरं आपापले डबे घेऊन हजर व्हायची. इंदूताईंचा स्वतःचा डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. मग अदलाबदल चालायची. एका सिंहाला दोन ससे, सशाचा कान मोडका असेल तर तीन. कुणी फार घोळ घालायला लागलं की ट्रंक कॉलवर विचारतात तसं विचारायच्या, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" त्यांना मावशी म्हणायची बंदी होती. मावशी म्हटलं की पोरं फुकट मागतात, असं त्यांचं मत. सगळी पोरं त्यांना इंदूताई आणि 'तू' म्हणायची, आणि त्याही पोरांना काडीची सवलत द्यायच्या नाहीत.

माझी मृणाल तेव्हा आठ वर्षांची. एका रविवारी ती तोंड फुगवून घरी आली. चांगलं टुणटुणीत अस्वल देऊन तिने इंदूताईंकडून उंट आणला होता, आणि उंटाचा एक पाय आखूड. टेबलावर ठेवला की कलंडायचा. माझं डोकंच फिरलं. मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. उंट मुठीत धरून तशीच समोर गेले आणि विचारलं, लहान पोरीला फसवताय, शोभतं का तुमच्या वयाला? इंदूताई शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, मी तिला म्हटलं होतं, माल बघून घे. तिने बघितला नाही. तुमचा यात काय संबंध?"

मी आणखी बोलणार होते, पण मागून कुणीतरी माझा पदर ओढला. मृणाल होती. "आई, तू जा ना इथून. तू सगळ्याची वाट लावतेस." पंधरा पोरं माझ्याकडे अशी बघत होती की मी निमूटपणे घरात आले आणि उगाचच भांडी घासायला घेतली.

पुढच्या रविवारी मृणालने काय करावं? उंटाच्या आखूड पायाखाली मेणबत्तीचं मेण लावलं, त्याला ताठ उभा केला आणि इंदूताईंनाच परत विकून टाकला, वर एक हरीण घेतलं. मेण संध्याकाळी निघालं. इंदूताई तो लंगडा उंट घेऊन तीनही मजले फिरल्या. प्रत्येक दारात तेच, "बघा, एवढीशी पोरगी, पण मला गंडवलं तिने." हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हा माझ्या डोक्यात जरा उजेड पडला. आम्ही मोठी माणसं पोरांच्या खेळण्याकडे बघून "अरे वा, छान छान" म्हणतो आणि पुन्हा पेपरात तोंड घालतो. इंदूताई त्यांच्या मालाला नावं ठेवायच्या. सशाचे कान तपासायच्या, वाघाचा रंग उडालाय म्हणून नाक मुरडायच्या, हट्टाला पेटायच्या, हरल्या की खरंच चरफडायच्या. पोरांचा लाड करणारे पुष्कळ असतात हो, पण बरोबरीने भांडणारं माणूस त्यांना सापडत नाही. म्हणून तर पोरं रडत जायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायची.

इंदूताईंचा सगळा सेट झाला होता, फक्त एक शहामृग नव्हता. आख्ख्या मुलुंडमध्ये कुणाच्या खोक्यात तो निघत नव्हता. आणि माझ्या भावाकडे घाटकोपरला गेलेलो असताना मृणालच्या हातात जो खोका आला, त्यात नेमका शहामृग. बातमी कळताच इंदूताई पदर खोचून आमच्या दारात. हत्ती देते म्हणाल्या. मृणाल म्हणाली, नाही. पुढच्या रविवारी हत्ती आणि सिंह. नाही. मग अस्वलाचं आख्खं कुटुंब. पॅसेजमधली पोरं श्वास रोखून ऐकायची, आणि मृणाल डब्याचं झाकण लावून मान हलवायची. मी तिला म्हटलं, देऊन टाक गं, बाईचा जीव अडकलाय त्यात. तर मला म्हणते कशी, "तिला हवाय म्हणून तर मजा आहे ना."

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. मग खोक्यात प्राणी यायचे बंद झाले. त्याऐवजी बबलगमबरोबर क्रिकेटवाल्यांची चित्रं यायला लागली आणि पोरांचे डबे माळ्यावर गेले. इंदूताईंनी पोरांसाठी तेही करून पाहिलं. ढीगभर बबलगम आणले, पण चघळताना दातात भरलेली चांदी निघून आली. क्रिकेटचं तर ओ की ठो कळायचं नाही. विकेटकीपरचं चित्र हातात धरून विचारायच्या, "ह्याने एवढाले मोजे का घातलेत?" पोरं दोन रविवार हसली आणि मग यायची बंद झाली. पंधराची सहा झाली, सहाची दोन. शेवटी चटईवर एकटी मृणाल उरली. दहाच्या ठोक्याला डबा घेऊन जायची, अर्धा तास शहामृगावरून घासाघीस व्हायची आणि "नाही" म्हणून परत यायची. इंदूताई मात्र चटई पूर्वीएवढीच मोठी अंथरायच्या.

त्याच सुमारास आमच्या ह्यांनी दहिसरला नोंदवलेल्या जागेचा ताबा मिळाला. आवराआवर सुरू झाली. आणि मला अवदसा आठवली. जाता जाता बाईला खूश करून जाऊ, म्हणून मृणाल शाळेत असताना मी तिच्या डब्यातून शहामृग काढला, कागदात गुंडाळला आणि समोर नेऊन दिला. मला वाटलं, इंदूताई उडी मारतील. त्यांनी तो तळहातावर ठेवला. "झाला म्हणायचा सेट," एवढंच बोलल्या. मग विचारलं, मृणालला माहीत आहे का? मी म्हटलं, तिला काय कळतंय, घ्या हो, आमची आठवण. सशाच्या कानावरून पाऊण तास वाद घालणारी ती बाई नुसतं "बरं" म्हणाली. मला वाटलं, गहिवरून आलं असेल. मी स्वतःवर फार खूश होऊन घरी आले.

दहिसरला मृणालने डबा उघडला. रडली नाही की आदळआपट केली नाही. फक्त माझ्याशी बोलणं टाकलं. चार दिवस सगळा कारभार सासूबाईंच्या मार्फत. "आजी, आईला सांग, भाजीत मीठ जास्त झालंय." सासूबाई मला सांगायच्या आणि वर माझ्याकडे असं बघायच्या की चूक कुणाची ते न बोलता कळावं.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात इंदूताई, घामाघूम, काखेत बिस्किटांचा डबा. मुलुंड आणि दहिसर नकाशात शेजारी दिसतात, पण मध्ये डोंगर आणि जंगल आडवं येतं. त्याला वळसा घालून, दोन बस बदलून त्या आल्या होत्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी शहामृग मृणालच्या हातात ठेवला. "घे, तुझा माल." मग माझ्याकडे वळल्या. "वहिनी, मालकाला विचारल्याशिवाय माल द्यायचा नसतो. आणि फुकट तर मुळीच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंदूताई पाणी प्यायल्या, जमिनीवर पेपर अंथरून त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, दोन हत्ती आणि एक सिंह. मृणाल म्हणाली, नाही. दोघींची तोंडं अशी खुलली की मी चहाचं निमित्त करून आत निघून गेले.

तेव्हापासून महिन्यातून एक रविवार त्या यायच्या. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. मृणाल नववीत गेली. एरवी तो डबा कपाटात कपड्यांखाली पडलेला असायचा, त्या रविवारी मात्र पुसून बाहेर यायचा. इंदूताईंचे केस पिकले, जिना चढताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबायला लागल्या. एकदा त्या यायच्या आधी मला राहवलं नाही. मृणाल आरशासमोर वेणी घालत होती. म्हटलं, किती ताणशील गं? गुडघे दुखतात तिचे. एकदाचा देऊन टाक.

"आणि मग ती कशाला येईल?"

म्हटलं, भेटायला येईल की.

"नाही येणार," मृणाल म्हणाली. "तिला नुसतं भेटायला येता येत नाही, आई."

समोरासमोरच्या दारात आम्ही नऊ वर्षं काढली. त्या नऊ वर्षांत इंदूताई कामाशिवाय एकदाही आमच्या घरात येऊन टेकल्या नव्हत्या. आणि मीही, भांडायला तेवढी धावत गेले, पण चहाला म्हणून त्यांना एकदाही हाक मारली नव्हती. टूथपेस्टा मात्र सगळ्या वापरल्या. लाज वाटली मला.

त्या दिवशी इंदूताई आल्या, तेव्हा मी चहा घेऊन त्यांच्या शेजारी पेपरावरच बसले. त्यांनी तीन हत्ती देऊ केले. मृणाल म्हणाली, "हत्ती नकोत. गेंडा आण, मग बघू." इंदूताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. गेंडा फार कठीण आहे म्हणाल्या, बघावं लागेल, महिना तरी लागेल. मग डबा काखेत मारून उठल्या. दारात मला म्हणाल्या, "चिवट आहे हो पोरगी," आणि त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

मृणाल गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली इंदूताई बस स्टॉपवर पोचल्या, बस आली, त्या चढल्या, तोवर ती तिथून हलली नाही. मी तिच्या मागे उभी होते. म्हटलं, "अगं, गेंडे तर तुझ्याकडेच तीन आहेत."

"माहितीये तिला," मृणाल म्हणाली. "तिनेच दिलेत."