शेजाऱ्यांची यादी

"तार शोधायला मनोऱ्यावर कशाला चढायचं? मी डब्यालाच विचारतो!" लोपेतीने छाती ठोकली, आणि टोंगा बेटांवरच्या नुकुअलोफाच्या त्या चर्चमधल्या चारशे पाहुण्यांचं जेवण टांगणीला लागलं!

त्याच्या लेकीचा पहिला वाढदिवस. भुईतल्या भट्टीतून डुकरं निघाली होती, नारळाच्या दुधातलं लू, अळूच्या पानांत गुंडाळलेलं मांस, वाफाळत होतं. पण आत्याने आशीर्वाद दिल्याशिवाय घास कोण उचलणार? आत्या म्हणजे लोपेतीची थोरली बहीण सेलुवाइया. ती ऑकलंडच्या रुग्णालयात, हृदयाच्या ऑपरेशनला वीस मिनिटं उरलेली! आणि व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर तिचा चेहरा गोधडीच्या तुकड्यांसारखा विस्कटत होता.

"घंटेच्या मनोऱ्यातला नेटवर्कचा जुना डबा बिघडलाय, तोच सगळं अडवतोय. तो काढला की झालं!"

"पण त्याची तार कोणती?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"बाबा, नेटवर्कचे डबे फार सभ्य! दर अर्ध्या मिनिटाला जोडलेल्या शेजाऱ्याला आपलं नाव सांगतात. यादीत वाचायचं नि उपटायचं!"

कपाटात मुख्य डबा. त्यात नऊ निळ्या तारा, आणि तारा खुपसायच्या दारांचे आकडे खाऱ्या वाऱ्याने पुसलेले. लॅपटॉपवरची यादी म्हणाली, 'सातवं दार : मनोरा'. लोपेतीने डावीकडून सात मोजून तार ओढली. यादीत मनोरा तसाच!

"अस्सं! उजवीकडून मोजायचं तर!" ओढली. मनोरा तिथेच!

घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला. तिसरी ओढली, चौथी ओढली... नववी ओढली. डब्यात एकही तार उरली नव्हती, पण यादीत नऊच्या नऊ शेजारी हजर, कीर्तनाला बसल्यासारखे!

दारात त्याची बायको मेलेनाइते उभी. "अरे, पडदाच काळा झाला! वन्संना आत नेतील ना!"

तेवढ्यात यादीतून मनोरा गडप झाला. मग दुसरा, मग तिसरा...

लोपेती मटकन खाली बसला. "शेजारी गेला तरी डबा दोन मिनिटं त्याचं नाव धरून ठेवतो गं! पहिलीच तार बरोबर होती!"

"मग लाव की बाकीच्या!"

"पहिली कुठली, तेच आता कळेना!"

मांडीवर नऊ सारख्या तारांचा गुंता. एक लावायची, अर्धा मिनिट श्वास रोखायचा, नाव वाचायचं. ग्रंथालय. ठीक. स्वयंपाकघर. ठीक. "देवा, मनोरा लवकर दाखव!" देवाने ऐकलं, पण नवव्या तारेला.

ती उपटून तो धावत सभागृहात आला. पडदा आरशासारखा स्वच्छ! त्यावर रिकामी खाट.

"गेली?" त्याने खाटेकडे बोट केलं.

"आत नेलं," मेलेनाइते डोळे पुसत हसली. "पाद्रीबाबांनी साधा फोन लावला नि माइकला धरला. वन्संनी बाळाला आशीर्वाद दिला, अख्खं स्तोत्र म्हटलं! सगळ्यांनी सूर धरला, तिकडची नर्ससुद्धा रडली म्हणे. जाताना वन्सं म्हणाल्या, 'लोपेतीला शोधा, तो कोणत्या दाराला लावलाय ते बघा!'"

लोपेतीने हात जोडले, डोळे मिटले. उघडले, तेव्हा समोर केळीच्या पानांवर नुसती हाडं.

"आणि माझं ताट?"

"ठेवलं होतं की!" मेलेनाइते म्हणाली. "दोन मिनिटं."